पासलीचे ‘कीप’दार

इंग्रजी भाषेत क्रियापदे पुष्कळ आहेत, परंतु त्यांतली बहुतेक अनावश्यक आहेत. ही गोष्ट मोठमोठ्या विद्वानांच्या ध्यानात आलेली नाही. विद्वानांना ती सगळीच पाठ असतात, आणि एकदा कष्टाने पाठ केलेली वस्तू अनावश्यक आहे असे म्हणायला माणसाचे मन धजत नाही. वास्तविक ज्याला ‘कीप’ हे एक क्रियापद नीट वापरता आले त्याला दुसरे लागू नये. साहेबाने हा देश घेतला तेव्हा त्याला कोणते क्रियापद उपयोगी पडले ते असो. ठेवला तो मात्र याच्या जोरावर.

शिकणाऱ्यांच्या सोयीसाठी सांगायचे तर ‘कीप’ म्हणजे ठेवणे. पण जो ठेवण्यापाशी थांबला तो फसला. गुरे पाळणे म्हणजे कीप आणि दिलेला शब्द पाळणे म्हणजेही कीप (साहेब गुरे आणि शब्द एकाच दावणीला बांधतो, त्यांतले आधी काय सुटते ते ज्याचे त्याने पाहावे). शेत राखणे, दुकान चालवणे, हिशेब लिहिणे, घर सांभाळणे, गुपित पोटात ठेवणे, माणसाला ताटकळवणे, कुत्र्याला बाहेर ठेवणे, सार गरम ठेवणे आणि गप्प राहणे, एवढ्या सगळ्या कामांना इंग्रजीत एकच क्रियापद जुंपलेले आहे. मराठीत याच कामांना दहा-बारा क्रियापदे लागतात आणि तरी कामे पडूनच असतात.

हे शास्त्र वेल्ह्याच्या बाजूला, डोंगरातल्या पासली गावी एकोणीसशे चौतीस-पस्तीसच्या सुमारास येऊन पोचले. त्याचा पहिला विद्यार्थी हैबती.

हैबती पासलीचा म्हणावा तर होता, म्हणू नये तर नव्हता. पासलीच्या वर, छाती फुटेल अशा चढणीनंतर, एक माळ लागतो. त्या माळावर हैबती धनगराचे एकटे घर होते, एक बारमाही झरा होता आणि बाकी सगळी गुरे होती. गुरांमागून हिंडणे, दूध काढणे, तूप कढवणे आणि ते डोक्यावर घेऊन वेल्ह्याच्या बाजाराला जाणे, एवढेच हैबतीला येत होते. बाजाराची वाट पासलीच्या ऐन मधून जात असे. त्यामुळे पासलीशी त्याचे संबंध गोडीचे होते, म्हणजे तो खाली मान घालून जात असे आणि गाव त्याला जाऊ देत असे.

अशा माणसाला इंग्रजीची गरज का पडावी? तर त्याला कारण त्याची बहीण फुलाबाई. ती शेजारच्या डोंगरावरच्या एका वाडीत दिलेली होती. तिथे आदल्या वर्षी रानाच्या हद्दी ठरवणारा साहेब आला. रान कुठे मोकळे ठेवायचे आणि कुठे मनाई करायची, हे त्याने जागेवर जाऊन, लोकांना विचारून ठरवायचे अशी मोठी न्यायाची पद्धत होती. साहेबाने विचारले. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी उत्तर दिले, ते बोलता बोलता सावल्या लांबल्या. आजे-पणजे सांगून झाले, वाघाने नेलेल्या कालवडी सांगून झाल्या, दोघे-तिघे रडलेही. साहेबाबरोबरच्या कारकुनाने हे सगळे ऐकून घेतले आणि त्याचे इंग्रजी केले, “अ‍ॅज युवर ऑनर प्लीजेस.” (म्हणजे हुजुरांची मर्जी. भाषांतर थोडक्यात असावे हा नियम कारकुनाने पाळला, एवढेच त्याच्याविषयी म्हणता येईल.) साहेब खूश झाला, सगळ्यांशी हात मिळवून गेला, आणि पावसाळ्यानंतर हद्दीचे दगड आले ते वाडीच्या खालून, म्हणजे सबंध वाडी मनाईच्या रानात. फुलाबाईची गुरे गेली, घर गेले. आता ती आणि तिचा नवरा किकवीला सडकेच्या कडेला खडी फोडत होती.

पुढच्या चैत्रात तोच साहेब पासलीच्या माळावर येणार असे कळले, आणि हैबतीची झोप उडाली.

“ह्या बारीला कारकुनाच्या तोंडानं बोलायचं न्हाई,” तो बायकोला म्हणाला. “सायबाला त्याच्याच भाषेत सांगायचं. गुरं हायती, म्हनून.”

“तुला मराठी तरी कुठं धड बोलता येतं?” पारूबाई म्हणाली. पण त्याच दिवसापासून तिने एक लोटा दूध वेगळे काढून ठेवायला सुरुवात केली.

ते दूध आनंदरावांसाठी होते. आनंदराव पासलीचेच, पुण्याच्या लष्करात एका साहेबाकडे बटलर होते आणि साहेब विलायतेला परतल्यावर तेही गावी परतले होते. गावात त्यांच्या इंग्रजीचा मोठा दरारा होता. ते इंग्रजी म्हणजे ‘कीप’ हे एक क्रियापद. साहेब मितभाषी होता आणि नोकरांशी याच एका क्रियापदात व्यवहार करी. कीप द सूप हॉट. कीप द डॉग आउट. कीप क्वाएट. पाहुण्यांपुढे तो छाती काढून “वुई कीप डॉग्ज” म्हणे, तेही आनंदरावांनी पडद्याआडून टिपलेले होते. अर्धे आयुष्य एका क्रियापदावर काढलेल्या माणसाला त्याचे जे ज्ञान होते ते कॉलेजात मिळण्यासारखे नाही.

देवळाच्या ओट्यावर, सकाळचे दूध काढून झाले की वर्ग भरे. आनंदरावांनी हैबतीचे म्हणणे ऐकून घेतले, मिशीवरून हात फिरवला आणि उपाय सांगितला. साहेबाच्या वाक्यातले ‘डॉग्ज’ काढायचे, ‘क्याटल’ घालायचे, आणि शेवटी जागा दाखवायला ‘हिअर’ लावायचे. वुई कीप क्याटल हिअर. आम्ही इथं गुरं पाळतो.

एवढे वाक्य हैबतीला यायला सबंध हिवाळा गेला. तो ते धार काढताना म्हणे, चढण चढताना म्हणे, झऱ्यावर म्हणे. गुरांनीही ते इतक्या वेळा ऐकले की ‘क्याटल’ म्हटल्यावर चंद्री गाय मान वर करू लागली. पारूबाईने पहिल्या महिन्यात चेष्टा केली, दुसऱ्या महिन्यात ऐकून घेतले, आणि तिसऱ्या महिन्यात चुलीपुढे बसून स्वतःच हलक्या आवाजात म्हणून पाहिले. इथपर्यंत सगळे ठीक चालले होते. पण देवळाच्या ओट्यावर रोज काहीतरी वाटले जात आहे आणि त्याचा मान कोणाचा हे ठरलेले नाही, ही गोष्ट चिमाजी पाटलांच्या ध्यानात आली.

मानाचा विषय शहरी वाचकाला समजावून द्यायला हवा. गावात जी वस्तू वाटून दिलेली नाही ती असून नसल्यासारखी असते. होळीला पहिली पोळी कोणाची, पोळ्याला कोणाचे बैल पुढे, देवाच्या पालखीचा उजवा दांडा कोणाचा, हे ठरलेले आहे म्हणूनच होळी पेटते, पोळा होतो आणि पालखी हलते. एके वर्षी दांड्यावरून एकमत झाले नाही, तर देव तीन दिवस वेशीत बसून होता. पण कोणी त्याला भलत्याच हातांनी आत आणला नाही. अशा शिस्तीच्या गावात एक इंग्रजी क्रियापद मोकळे सुटलेले, कोणीही उचलावे आणि वापरावे, हे किती दिवस चालणार?

पाटलांनी गाव बोलावले. पानसुपारी ठेवली. आनंदरावांना मध्ये बसवून एकेक अर्थ सांगायला लावला, आणि अर्थ सांगून झाला की तो ज्याच्या मानाचा त्याने विडा उचलायचा, अशी रीत ठरली. सुरुवात उत्साहाने झाली. हिशेब ठेवणे हा अर्थ कुलकर्ण्यांनी उचलला, त्यावर बोलायची कोणाची छाती नव्हती. दिवा तेवत ठेवणे गुरवाकडे गेले. राखण करणे पिकांच्या राखणदाराकडे गेले. शिंप्याला ताटकळवणे मिळाले. त्याने विडा उचलल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण गावातले निम्मे कपडे त्याच्याकडे दिवाळीपासून पडून होते. घर सांभाळणे हा अर्थ बायकांना, त्या हजर नसताना, एकमताने देण्यात आला (बोलावणे त्यांना नव्हतेच). गुपित राखणे हा अर्थ निघाला तेव्हा मात्र सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि कोणीच विडा उचलला नाही. तो अर्थ आनंदरावांना परत करण्यात आला.

‘बाहेर ठेवणे’ या अर्थाला सर्वांत जास्त मागणी आली. तो आपल्याच घराण्याचा आहे असे जवळजवळ प्रत्येकाला वाटत होते. शेवटी एवढी एकी पाहून तो सबंध गावाला मिळून देण्यात आला. गावकुसाबाहेरचा भिमा ओट्यापासून लांब, उन्हात उभा राहून हे ऐकत होता. त्याने तिथूनच हाक देऊन विचारले, “पाटील, आमच्या वस्तीला काय?”

“अरे, तुमाला दिलंय की,” कुलकर्णी प्रेमाने म्हणाले. “बाहेर कुनाला ठेवायचं, त्याला मानूस नको व्हय?”

भिमा निघून गेला आणि त्याची जागा लगेच उन्हाने भरली.

आणि मग ‘गुरे पाळणे’ हा अर्थ निघाला. हैबती ओट्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. तो सवयीने उठला आणि विड्याकडे हात केला. पण विडा पाटलांनी उचललेला होता. पोळ्याला पाटलांचे बैल पुढे असतात; सबब गुरांविषयी जे काही म्हणायचे ते म्हणण्याचा पहिला मान पाटलांचा. या तर्कात खोट काढणे कठीण होते आणि कोणी काढलीही नाही. (पाटलांकडे तेव्हा चार बैल आणि एक आटलेली म्हैस होती. मान हा शेपट्या मोजून ठरत नसतो.)

“पर पाटील,” हैबती म्हणाला, “गुरं तर आमी पाळतो.”

“पाळतोस की. कोन न्हाई म्हनतं?” चिमाजी पाटील शांतपणे म्हणाले. “पाळनं तुजं. म्हननं आमचं.”

“सायब इचारील तवा?”

“तवा आमी म्हनू. तुज्यावतीनं म्हनू. शबुद देतो.”

शब्द पाळणे हा अर्थही पाटलांनी त्याच बैठकीत घेतला होता, त्यामुळे हैबतीला काही मागायचे उरले नाही. सगळे वाटून झाल्यावर तळाशी एक अर्थ शिल्लक राहिला. गप्प राहणे. तो कोणालाच नको होता. मग गायरान जसे सगळ्यांचे असते तसा तो समाईक ठेवण्यात आला: ज्याला कुठलाच अर्थ नाही त्याने तो वापरावा, आणि ज्याला आहे त्यानेही अडीअडचणीला वापरावा. शेवटी दंड ठरला. जो दुसऱ्याच्या मानाचा अर्थ तोंडातून काढील त्याचे दूध-तूप गाव घेणार नाही, आणि त्याला गावातून बाजाराची वाट मिळणार नाही. हा दंड सगळ्यांना सारखाच होता. वर राहणारा आणि गावातून बाजाराला जाणारा एकटा हैबतीच होता, हा योगायोग.

हैबती घरी आला आणि त्याने पारूबाईला सगळे सांगितले. तिने चुलीत एक फुंकर मारली.

“म्हंजी,” ती म्हणाली, “आपलं वाक्य त्यांनी नेलं.”

“नेलं न्हाई. ते म्हननार हायती. आपल्यावतीनं.”

“मंग तू हिवाळाभर काय केलंस?”

हैबतीला राग आला. तो कोणावर आला हे त्याला नक्की कळले नाही, म्हणून तो उठून गुरांमध्ये जाऊन बसला.

वाटणीनंतर पासलीत इंग्रजी भाषेला जी शिस्त लागली ती विलायतेतही नसेल. शिंप्याला कोणी “कधी देतोस?” विचारले की तो मानाने “कीप!” म्हणे आणि माणूस समजून परत जाई. गुरव दिव्यात तेल घालताना एकदा म्हणे, एकादशीला दोनदा. पुढे सोनाराने कुठूनसे ऐकून ताटकळवण्याचा अर्थ चोरून वापरला, तेव्हा शिंप्याने त्याला गावापुढे उभे केले आणि नारळ द्यायला लावला. आनंदरावांचा वर्ग मात्र बंद पडला. सगळे अर्थ वाटून गेले होते. आता ते शिकवायचे तर एकेका अर्थासाठी एकेका घरची परवानगी काढावी लागे, आणि गुपिताच्या एका अर्थावर वर्ग चालत नाही.

फाल्गुनात पाटलांच्या घरातच नवे काही निघाले. चिमाजी पाटील आणि त्यांचे चुलतभाऊ बाजी पाटील यांच्यात पोळ्याचा मान पाळीपाळीने होता, एक वर्ष यांचे बैल पुढे, एक वर्ष त्यांचे. अर्थ पोळ्याच्या मानाला लागून आलेला, म्हणजे तोही पाळीने फिरणार, हे उघड होते. प्रश्न एवढाच की वर्ष कधी पालटते. चिमाजींचे म्हणणे, पोळ्याचा मान पोळ्यालाच पालटतो, तेव्हा श्रावण सरेपर्यंत म्हणणे आमचे. बाजींचे म्हणणे, क्रियापद इंग्रजी आहे, त्याचे वर्ष जानेवारीला लागते, तेव्हा ते कधीच आमच्याकडे आले. दोन्ही बाजू इतक्या बिनतोड होत्या की गावाने ऐकून घेतल्या आणि कोणतीही मोडली नाही.

अशा स्थितीत चैत्र लागला आणि साहेब आला.

साहेब माळावर येणार म्हणून गावाने चार दिवस आधी तयारी केली. गावात मोठा माणूस यायचा झाला की आधी ती जागा आहे तशी दिसू नये याची व्यवस्था करतात, ही आपल्याकडची जुनी रीत. माळ झाडून काढला. शेणाचा एक कण राहू दिला नाही. झऱ्याभोवतीचा चिखल तुडवलेला होता, त्यावर माती पसरली. गोठ्यांच्या कुडांना गेरू लावला, दारांना आंब्याची पाने बांधली आणि मध्ये कनात उभारली. साहेबाच्या घोड्याने बुजू नये आणि साहेबाच्या नाकाला त्रास होऊ नये म्हणून सगळी गुरे पलीकडच्या घळीत नेऊन बांधावीत, असा पाटलांचा हुकूम झाला. ती हैबतीनेच पहाटे उठून नेली. चंद्री येईना, तिला त्याने शेपटी पिरगाळून नेली.

“गुरं न्हाईत तर सायबाला दिसायचं काय?” पारूबाईने विचारले.

“पाटील सांगनार हायती ना,” हैबती म्हणाला. आतापर्यंत हे त्याने इतक्या वेळा म्हटले होते की तेही पाठ झाले होते.

साहेब चढण चढून आला. उंच होता, उन्हाने लाल झाला होता आणि माणूस वाईट दिसत नव्हता. कनातीत बसला, दूध प्यायला, दूध चांगले आहे असे खुणेने सांगितले. (ते आले कुठून हे त्याच्या मनात आले नाही. साहेब लोकांना दूध पेल्यातूनच येते.) मग तो उठला आणि माळाच्या मध्ये उभा राहून त्याने चहूकडे पाहिले. स्वच्छ, रिकामा, गेरू लावलेला माळ. त्याने कपाळाला आठी घातली आणि कारकुनाला डावलून, थेट लोकांकडे तोंड करून, मोठ्याने, सावकाश विचारले:

“व्हॉट डू पीपल कीप हिअर?”

पासलीच्या इतिहासात एवढा आनंद कधी झाला नसेल. साऱ्या गावाला प्रश्न कळला. कीप! आपले क्रियापद! प्रत्यक्ष साहेबाच्या तोंडात! माणसे एकमेकांना कोपरांनी ढोसू लागली. गुरवाचे डोळे भरून आले. आनंदराव हळूच म्हणाले, “लोक हितं काय पाळतात, आसं इचारतोय,” आणि सगळ्या माना पाटलांकडे वळल्या.

चिमाजी पाटील उठले. त्यांच्याबरोबरच बाजी पाटीलही उठले.

“जानेवारी झाली,” बाजी पाटील म्हणाले.

“पोळा झाला न्हाई,” चिमाजी पाटील म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि दोघेही, आपल्या मानाला धक्का लागू नये म्हणून, तोंड मिटून उभे राहिले. साहेब वाट पाहत होता. त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. कुलकर्ण्यांना उत्तर येत होते, पण त्यांचा अर्थ हिशेबाचा. शिंप्याला येत होते, पण तो तर साहेबाला ताटकळताना पाहून समाधान पावला होता. त्याचे काम होत होते. आनंदरावांना सर्वांहून चांगले येत होते, पण त्यांच्याकडे गुपित होते आणि ते त्यांनी राखले.

हैबती पुढच्या रांगेच्या मागे उभा होता. वाक्य त्याच्या जिभेवर होते. ‘वुई’ ओठांपर्यंत आलेसुद्धा. कुलकर्ण्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिले, रागाने नव्हे, नुसते पाहिले. हैबतीला खालची वाट दिसली, पासलीतून जाणारी. बोलावे तर माळ राहील आणि वाट जाईल. न बोलावे तर वाट राहील. आणि पाटलांनी शब्द दिलेला होता. अजूनही ते म्हणतील, आता म्हणतील, या घटकेला म्हणतील, असे त्याला वाटत राहिले, आणि घटका गेली.

तेवढ्यात बायकांतून आवाज आला. पारूबाई उभी राहिली होती.

“गुरं पाळतो आमी हितं!” ती ओरडली. “गुरं! पल्याडल्या घळीत बांधल्याती, येऊन बघा! ह्यो माळ त्यांचा हाय, ह्यो झरा त्यांचा हाय, आमी त्यांच्यावर जगतो!”

तिने मराठीत सांगितले. मराठी कोणाच्या मानाची नव्हती, कारण ती मागायला कोणी आलेच नव्हते.

साहेबाने कारकुनाकडे पाहिले. कारकून अदबीने वाकला. “शी सेज, सर, दे आर व्हेरी हॅपी यू हॅव्ह कम.” (ती म्हणते, आपण आलात याचा फार आनंद झाला. बाई रडत होती, तेव्हा भाषांतर पटण्यासारखे होते.) साहेबाने पारूबाईकडे पाहून टोपी काढली. मग त्याने माळावरून पुन्हा एकदा नजर फिरवली. शेण नाही, खूर नाही, दावे नाही. इथे कोणी काही पाळत नाही हे त्याला दिसतच होते. तो कारकुनाला म्हणाला, “देन कीप इट क्लोज्ड,” आणि घोड्यावर बसला.

साहेब खिंडीपर्यंत गेला नसेल तोच गाव देवळाच्या ओट्यावर जमले. साहेबाने जाता जाता एक नवाच अर्थ वापरला होता! आनंदरावांनी डोके खाजवून तो लावून दिला: बंद ठेवणे. एवढा उमदा अर्थ पहिल्या वाटणीत सुटला कसा, याची सर्वांना हळहळ वाटली. चिमाजी आणि बाजी पाटील ताबडतोब एक झाले आणि त्यांनी तो जोडीने मागितला. कुलकर्णी म्हणाले, बंद करण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराण्याकडे आहे. वाद चांगला रंगला. पावसाळ्यानंतर हद्दीचे दगड आले, ते झऱ्याच्या खालून गेले, तेव्हाही तो चालू होता, आणि दगड कशासाठी आले हे विचारायला कोणाला सवड झाली नाही.

हैबतीने गुरे वेल्ह्याच्या बाजारात नेली. गावाने त्याला वाट दिली. त्याने दंडाला पात्र होईल असे काही केलेच नव्हते. बाजारातून परत येताना दाव्यांचा गुंडाळा खांद्यावर होता, एवढीच गुरे उरली होती. चिमाजी पाटील वेशीत भेटले. “हैबती, त्या दिशी तू लई शिस्तीनं वागलास,” ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. हैबतीने खाली मान घालून रामराम केला. बरोबरची पारूबाई थांबली नाही, ती पुढे चालत राहिली.

आता ती दोघे किकवीला फुलाबाईच्या शेजारी राहतात आणि सडकेची खडी फोडतात. किकवी ही मोकळी जागा आहे. सडकेवर कोणाचा मान नाही, तिथे कोणीही काहीही म्हणावे. पुण्याहून महाबळेश्वराकडे जाणाऱ्या मोटारी तिथे कधीमधी पाण्यासाठी थांबतात. मोटारीत शिकलेली, हसतमुख, चार पुस्तके वाचणारी माणसे असतात. पाणी घेऊन हैबती येतो. कोणी सहज विचारतो, “काय बाबा, काय करता इथं?” मग हैबती ताठ होतो, हातातली बादली खाली ठेवतो आणि धुळीने भरलेल्या सडकेकडे हात करून खणखणीत आवाजात सांगतो:

“वुई कीप क्याटल हिअर.”

मोटारीतली माणसे इकडे पाहतात, तिकडे पाहतात. खडीचे ढीग असतात, जनावर म्हणून एक नसते. मग ती जी हसतात ती हसतच राहतात. पुन्हा म्हणायला लावतात. एक जण त्याचा ‘क्याटल’ सुधारून देतो. पारूबाई ढिगामागे हातोडी चालवत असते, ती वर पाहत नाही. मोटार निघून जाते, आणि पुण्याला परतल्यावर चहाच्या वेळी ही गंमत सांगितली जाते: किकवीला एक म्हातारा आहे, खडी फोडतो आणि इंग्रजीत सांगतो की मी गुरे पाळतो.

गोष्ट वाचकांपर्यंत आली आहे ती अशीच, मोटारीतून. वाचक आता हसलेच आहेत, तर त्यांना तसदी नाही. परंतु मोटारीत बसलेल्यांपैकी ज्याने हसून झाल्यावर खाली उतरून ‘मग गुरं गेली कुठं?’ एवढे विचारले असेल, त्याने पासलीस कळवावे, असे गावाने ठरवले होते. त्याला एखादा चांगला अर्थ मानाने देण्याचा विचार होता. अद्याप कोणाचे पत्र आलेले नाही. तोवर वाटणीत तळाशी उरलेला जो अर्थ समाईक ठेवला होता तो वाचकांनी वापरावयास हरकत नाही. त्याला परवानगी लागत नाही, आणि वाचकांचा त्यात बराच हात बसलेला दिसतो.